दबावाच्या क्षणी विवेक शाबूत कसा ठेवावा: त्या क्षणी, त्यानंतर आणि त्याआधी करायच्या गोष्टी

कठीण प्रसंग उलटून गेल्यावर माणसे स्वतःबद्दल साधारणपणे दोनच वाक्ये बोलतात. काही जण म्हणतात, "त्या वेळी मला काही सुचलेच नाही", आणि काही जण म्हणतात, "ते माझ्या तोंडून निघून गेले". पहिला माणूस गोठलेला असतो आणि दुसरा भडकलेला, त्यामुळे ही दोन वेगळ्या स्वभावांची माणसे आहेत असे वाटते. प्रत्यक्षात दोघांच्याही शरीरात घडलेली गोष्ट बहुतांशी एकच असते. ती गोष्ट नीट समजली, तर भावनांवर ताबा ठेवणे हा स्वभावाचा किंवा मनाच्या कणखरपणाचा प्रश्न राहत नाही, तर बऱ्याच अंशी तयारीचा प्रश्न ठरतो. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे. दबाव आला की नव्याने विचार करण्याची ताकद सर्वांत आधी कमी होते, म्हणून ऐन वेळी शहाणपण सुचेल अशी आशा धरण्यापेक्षा ते आधी तयार करून ठेवावे आणि प्रत्यक्ष प्रसंगी थोडा वेळ मिळवावा.

शरीरात नेमके काय घडते

धोका जाणवला की शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, ही कल्पना वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनलीन काही सेकंदांत रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ आणि जलद होतो, स्नायूंकडे जाणारे रक्त वाढते आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. अंगावर धावून येणाऱ्या जनावरापासून वाचायचे असेल, तर ही रचना उत्तम आहे. परंतु वरिष्ठांनी सर्वांसमोर विचारलेला खोचक प्रश्न, परीक्षेत न सुटणारे गणित किंवा मध्यरात्री आलेला फोन यांनाही शरीर जवळपास तसाच प्रतिसाद देते.

मेंदूच्या पुढच्या भागाला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. पर्यायांची तुलना करणे, परिणामांचा अंदाज घेणे आणि ओठांवर आलेला शब्द आवरणे ही कामे मुख्यतः तो करतो. एमी आर्नस्टेन यांच्या दीर्घ संशोधनातून असे दिसून आले आहे की, आपल्या आवाक्याबाहेर वाटणारा ताण आला की याच भागाचे काम चटकन मंदावते आणि सवयीच्या व सहजप्रवृत्तीच्या यंत्रणा पुढे येतात. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगातही याच दिशेचे निरीक्षण होते: सोपे काम शिकताना तीव्र उत्तेजना चालून जाते, पण काम अवघड झाले की तीच उत्तेजना आड येते. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. दबावाखाली हातवळणाची कामे टिकतात आणि गुंतागुंतीचा विचार ढासळतो.

आणखी एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. अॅड्रेनलीन लगेच कामाला लागते, पण कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाची पातळी ताणाची सुरुवात झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखराला पोहोचते. त्यामुळे भांडणानंतर पाच मिनिटांनी "मी आता शांत आहे" असे वाटले, तरी शरीर अजून शांत झालेले नसते. मोठा निर्णय घ्यायला ही वेळ योग्य नव्हे.

याचा अर्थ भावना मुळातच नकोत, असा कोणीही घेऊ नये. मेंदूच्या पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास अँटोनिओ दामासिओ यांनी केला. त्यांतील काहींची बुद्धिमत्ता चाचण्यांमध्ये उत्तम होती, मात्र भावनिक प्रतिसाद बोथट झाल्यामुळे त्यांना रोजच्या आयुष्यातले साधे निर्णयही नीट घेता येत नव्हते. भीती आपल्याला धोका दाखवते आणि राग अन्याय दाखवतो. त्यांनी दाखवलेले जरूर पाहावे, फक्त पुढची कृती त्यांच्या हाती सोपवू नये.

पायरी पहिली: स्वतःची पूर्वसूचना ओळखणे

प्रत्येकाच्या शरीराची सूचना देण्याची पद्धत ठरलेली असते. कोणाचे कान गरम होतात, कोणाचा जबडा आवळला जातो, कोणाचा आवाज चढतो, तर कोणाच्या पोटात खड्डा पडतो. गेल्या काही महिन्यांतले तीन प्रसंग आठवून त्या प्रत्येक वेळी सर्वांत आधी काय जाणवले होते, ते लिहून काढावे. बहुतेकांना एकच खूण पुन्हा पुन्हा सापडते. पुढच्या सर्व पायऱ्या या खुणेला जोडायच्या आहेत, म्हणून हे काम टाळू नये.

पायरी दुसरी: वेळ मिळवणे

मला विचाराल तर संपूर्ण प्रक्रियेतली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ती दोन पातळ्यांवर करायची असते: आधी शरीराच्या आणि मग संभाषणाच्या.

शरीरासाठी श्वास हे सर्वांत सोपे साधन आहे, कारण हृदयाची गती आपण थेट कमी करू शकत नाही, पण श्वासाचा वेग बदलू शकतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम अधिक आवळला जातो, म्हणून असे घडते. यासाठी चार सेकंद श्वास आत घ्यावा आणि सहा सेकंद सावकाश बाहेर सोडावा. असे केल्यास मिनिटाला सहा श्वास होतात. बैठकीत बसल्या बसल्याही कोणाला न कळता हे करता येते. मात्र छाती भरून जोरजोराने श्वास घेऊ नयेत, कारण त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरते आणि घाबरेपणा उलट वाढतो. "खोल श्वास घ्या" हा प्रचलित सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. सावकाश सोडण्याला त्यात खरे महत्त्व आहे.

संभाषणात वेळ मिळवण्यासाठी दोन-तीन वाक्ये अगदी तोंडपाठ असावीत, कारण ऐन वेळी ती सुचणार नाहीत. "मला हे नीट समजून घ्यायचे आहे, मी अर्ध्या तासात उत्तर देतो." "आपण जे म्हणालात ते मी लिहून घेतो, कृपया पुन्हा एकदा सांगा." "याचे उत्तर घाईने देणे योग्य होणार नाही." या वाक्यांत ना माघार आहे ना आक्रमकता, म्हणून ती घरातल्या माणसांशी, वरिष्ठांशी आणि परक्यांशीही बोलता येतात. फोनवर बोलत असाल तर "मी तुम्हाला परत फोन करतो" एवढे पुरते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. समोरचा माणूस दहा मिनिटेही द्यायला तयार नसेल, "आत्ताच्या आत्ता" असे पुन्हा पुन्हा म्हणत असेल आणि कोणालाही विचारू नका असेही बजावत असेल, तर ती घाई हीच संशयाची खूण मानावी. फोनवरून फसवणूक करणारे लोक माणसाला आधी घाबरवतात आणि मग वेळ नाकारतात, कारण त्याच्या विचारशक्तीला जागे व्हायला अवधी मिळाला तर त्यांचा डाव फसतो. अशा वेळी फोन ठेवून द्यावा आणि आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या अधिकृत क्रमांकावर स्वतः संपर्क साधून खातरजमा करावी.

खरोखरच वेळ नसेल तेव्हा काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. वैमानिकांना त्यासाठी एक क्रम शिकवला जातो: आधी विमान उडते ठेवा, मग दिशा पाहा, आणि बोलणे शेवटी. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिने पक्ष्यांच्या धडकेमुळे निकामी झाली, आणि विमान हडसन नदीवर उतरेपर्यंत वैमानिकांच्या हाती साधारण साडेतीन मिनिटे होती. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमानाचे नियंत्रण स्वतःकडे घेतले, सहवैमानिक स्काइल्स यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याची यादी हाती घेतली, आणि नियंत्रण कक्षाला दिलेली उत्तरे मोजक्या शब्दांची होती. विमानातील सर्व १५५ जण वाचले. आपल्या प्रसंगांतही हाच क्रम लागू पडतो. अपघाताची बातमी आली तर आधी जखमीला मदत पोहोचते आहे ना हे पाहावे, मग कोठे आणि कसे जायचे ते ठरवावे, आणि सर्व नातेवाइकांना कळवणे व दोष कोणाचा याची चर्चा त्यानंतर.

पायरी तिसरी: भावनेला तिच्या खऱ्या नावाने ओळखणे

आपण बहुतेक सर्व अस्वस्थतेला "टेन्शन" हा एकच शब्द वापरतो. त्या शब्दाच्या आड भीती, अपमान, लाज, हेवा, हतबलता, अपराधीपणा आणि नुसता थकवाही दडलेला असतो, आणि यांतल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. भीती वाटत असेल तर माहिती मिळवावी लागते, अपमान झाला असेल तर बोलून घ्यावे लागते, थकवा असेल तर झोपावे लागते. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, चित्रातल्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डाला या धोक्याची नोंद घेणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली आढळली. म्हणून मनात किंवा कागदावर एक पूर्ण वाक्य लिहावे: "मला अपमान वाटला आहे, कारण माझे काम न वाचताच त्यावर शेरा मारला गेला."

या बाबतीत मराठी आपल्याला मदत करते. आपण "मी राग आहे" असे म्हणत नाही, "मला राग आला आहे" असे म्हणतो. राग येतो आणि जातो, भीती वाटते आणि ओसरते. भावना ही आपल्याकडे आलेली गोष्ट आहे, आपण स्वतः म्हणजे ती नव्हे, हे भाषेच्या घडणीतच आहे. याच अंतराचा आणखी एक उपयोग करता येतो. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांमध्ये स्वतःशी बोलताना "मी" ऐवजी स्वतःचे नाव वापरणाऱ्यांना ताणाचा प्रसंग अधिक चांगला हाताळता आला. स्वतःला नावाने हाक मारून "आता तू काय करायला हवेस?" असे मनात विचारून पाहावे. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, पण मित्राला सल्ला देताना आपण जितके समंजस असतो तितके स्वतःशीही होण्याचा हा मार्ग आहे.

पायरी चौथी: माहीत असलेले आणि गृहीत धरलेले वेगळे करणे

माणसाचे मन एका वेळी साधारण चारच गोष्टी समोर धरू शकते, आणि काळजी त्यांतल्या जागा अडवून बसते. म्हणून ही पायरी डोक्यात न करता कागदावर करावी. कागदाचे दोन भाग करून एका बाजूला फक्त प्रत्यक्ष पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा वाचलेल्या गोष्टी लिहाव्यात, आणि दुसऱ्या बाजूला त्यांवरून आपण काढलेले अर्थ. "त्यांनी माझ्या संदेशाला दोन दिवस उत्तर दिले नाही" हे पहिल्या बाजूला जाते. "ते मला टाळत आहेत" हे दुसऱ्या बाजूला.

मला स्वतःला ही सवय एका चुकीमुळे लागली. एका सहकाऱ्याचा दोन ओळींचा संदेश मी रात्री उशिरा वाचला, त्यात माझ्यावर आरोप आहे असे मानले आणि तेवढ्याच तिखटपणे उत्तर पाठवले. सकाळी शांतपणे वाचल्यावर लक्षात आले की, आरोप म्हणून मी जे वाचले होते तो साधा प्रश्न होता. उत्तर मात्र गेलेले होते, आणि ते संबंध पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. त्या रात्री मी कागदाचे दोन भाग केले असते, तर अर्थांची बाजू भरगच्च आणि प्रत्यक्ष गोष्टींची जवळपास रिकामी दिसली असती.

कागद भरल्यावर दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या बाजूच्या कोणत्या गोष्टीची खात्री एका फोनने किंवा एका प्रश्नाने करता येईल? आणि मी जे करायला निघालो आहे, ते उद्या मागे घेता येईल का? मागे घेता येणारे निर्णय लवकर घ्यायला हरकत नाही. राजीनामा, नाते तोडणारे शब्द, मोठी रक्कम हस्तांतरित करणे किंवा जाहीर आरोप यांसारख्या न परतणाऱ्या गोष्टींसाठी मात्र निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, असा नियम स्वतःपुरता कायमचा करून टाकावा.

पायरी पाचवी: भावना दाबणे आणि भावनेचा अर्थ बदलणे यांतला फरक

चेहरा निर्विकार ठेवून आत उकळत राहणे म्हणजेच संयम, असा समज खोलवर रुजलेला आहे. जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. भावना नुसती लपवली तर चेहऱ्यावर ती दिसत नाही, पण शरीरातला ताण कमी होत नाही, आणि लपवण्यातच लक्ष खर्ची पडल्यामुळे त्या वेळी ऐकलेल्या गोष्टी नीट लक्षातही राहत नाहीत. वाटाघाटीत किंवा डॉक्टरांशी बोलताना ही किंमत फार मोठी ठरू शकते. याउलट, प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी सुरुवातीलाच बदलली तर भावनेची तीव्रताच कमी होते. "हा माणूस माझा अपमान करतो आहे" याऐवजी "हा माणूस घाबरलेला आहे आणि त्याला रागाशिवाय दुसरे काही जमत नाही" असे पाहिले, तर तेच शब्द वेगळे ऐकू येतात. अर्थात हा दुसरा अर्थ खरा असण्याची शक्यता हवी. स्वतःची खोटी समजूत घालून भागत नाही.

भाषण, मुलाखत किंवा परीक्षा यांसारख्या प्रसंगी शांत होण्याची धडपड नेहमीच फळत नाही, कारण धडधडणारे हृदय आज्ञा केली म्हणून थांबत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. उत्साह आणि भीती यांची शारीरिक लक्षणे बरीचशी सारखीच असल्यामुळे एकीवरून दुसरीकडे वळणे तुलनेने सोपे जाते.

राग मोकळा करण्यासाठी ओरडणे, वस्तू आपटणे किंवा उशीला ठोसे मारणे हा उपाय मात्र सोडून द्यावा. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, राग आणणाऱ्या व्यक्तीचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वाधिक होता. काहीही न करता बसलेले लोक त्यांच्यापेक्षा कमी रागावलेले होते.

पायरी सहावी: बोलणे आणि लिहिणे

आवाज जाणीवपूर्वक एक पट्टी खाली आणावा आणि वाक्ये लहान ठेवावीत. एका वेळी एकाच मुद्द्यावर बोलावे. "तुम्ही नेहमीच असे करता" हे वाक्य जुने सगळे हिशेब उघडते, म्हणून ते टाळावे. रागात संदेश लिहायचाच असेल तर तो अशा ठिकाणी लिहावा, जेथे पाठवण्याचे बटणच नसेल.

पायरी सातवी: आधीची तयारी

ही पायरी लेखात शेवटाकडे आली असली, तरी ती प्रत्यक्षात आज, कोणताही दबाव नसताना करायची आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगच्या एका नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. वैमानिक अत्यंत अनुभवी होते, परंतु जमिनीवर असताना नियंत्रण पृष्ठभाग अडकवून ठेवणारे कुलूप काढायचे राहून गेले आणि विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. यावर उपाय म्हणून लहानशी तपासणी यादी तयार करण्यात आली आणि तीच पुढे विमानचालनाची शिस्त झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तशीच यादी दिली. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुशल माणसाला यादी लागते ती कौशल्य कमी असल्यामुळे नव्हे. दबावाखाली स्मरणशक्ती दगा देते, हे मान्य करण्यात खरे शहाणपण आहे.

आपल्यासाठी यादीचे सर्वांत उपयुक्त रूप म्हणजे "जर असे झाले, तर मी असे करीन" या साच्यातली वाक्ये. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले की, नुसत्या निश्चयापेक्षा प्रसंग आणि कृती अशा जोडून ठेवल्या तर ती कृती घडण्याची शक्यता बरीच वाढते. "मी चिडणार नाही" हा निश्चय आहे आणि तो टिकत नाही. "बैठकीत माझे कान गरम झाले, तर मी पेन खाली ठेवीन, तीन सावकाश श्वास सोडीन आणि मग एक प्रश्न विचारीन" ही योजना आहे. पहिल्या पायरीत सापडलेली खूण येथे "जर"च्या जागी घालावी. अशा योजना दोन किंवा तीनच असाव्यात, आणि त्या मोठ्याने म्हणून, जमल्यास एखाद्या मित्राला समोरच्या व्यक्तीची भूमिका देऊन, प्रत्यक्ष सराव करावा.

महत्त्वाच्या कामापूर्वी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक पद्धत वापरून पाहावी. काम पूर्णपणे फसले आहे अशी कल्पना करायची आणि ते का फसले याची कारणे लिहायची. पेच आधी कागदावर भेटलेला असला की प्रत्यक्षात त्याचा धक्का कमी बसतो. परीक्षेची धास्ती वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेपरच्या आधी दहा मिनिटे आपल्या मनातली काळजी लिहून काढल्यास त्यांचे गुण सुधारतात, असे सियान बाइलॉक आणि जेरार्डो रामिरेझ यांना २०११ मध्ये आढळले होते.

झोपेबद्दल थोडक्यात सांगतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. अशा अवस्थेत वरीलपैकी कोणतीच पायरी धड जमत नाही, म्हणून कठीण संभाषण शक्य असेल तर सकाळवर ढकलावे.

पायरी आठवी: प्रसंगानंतरची नोंद

प्रसंग संपल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहाव्यात: काय घडले, पहिली खूण कोणती जाणवली, मी काय केले, आणि पुढच्या वेळी "तर"च्या जागी कोणती कृती ठेवायची. स्वतःला दूषणे देण्यासाठी ही नोंद नाही, म्हणून "मी मूर्ख आहे" यांसारखी वाक्ये लिहिल्यास ती खोडावीत. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की बहुधा एकच व्यक्ती, एकच वेळ किंवा एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो दिसला की कधी कधी प्रसंगच बदलता येतो: बैठकीची वेळ पुढे-मागे करता येते किंवा एखादा वाद तोंडी न घालता लेखी मिटवता येतो.

याच नोंदींतून दुसरीही गोष्ट कळू शकते. झोप कित्येक आठवडे उडालेली आहे, कारण नसताना छातीत धडधडून जीव घाबरा होतो आहे, राग हातापर्यंत पोहोचतो आहे किंवा जगणे नकोसे वाटते आहे, असे दिसले तर श्वासाच्या आणि कागदाच्या उपायांवर विसंबून राहू नये. ती वही घेऊन डॉक्टरांकडे किंवा मानसोपचार तज्ज्ञांकडे जावे; तारखांसह लिहिलेल्या त्या नोंदी त्यांना निदानासाठी उपयोगी पडतात. जगणे नकोसे वाटत असेल तर मात्र वही भरण्याची वाटही पाहू नये, त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाला सांगून त्याच्यासोबत जावे.